चौदा नंबरचा दगड

मूर्खपणा आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला ताटकळत बसायला नको. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मी सासरच्या गावातल्या एका खडकावर पांढऱ्या ऑइलपेंटनं १४ हा आकडा लिहिला, आणि त्या खडकातल्या काळ्या खनिजाला बघताक्षणी चुकीच्या कुळात नेऊन बसवलं. पहिल्या चुकीनं गाव हादरलं आणि माझ्या नणंदेची जुळलेली सोयरीक मोडायला आली. दुसऱ्या चुकीनं कोणाच्याच केसाला धक्का लागला नाही, पण मला मात्र कितीतरी वर्षं तीच जास्त झोंबत होती. त्या वेळी मी कशी असेन, ते यावरून ओळखा.

माझं माहेर भंडाऱ्याचं. नागपूरला राहून भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. केलं, आणि निकाल लागला त्याच उन्हाळ्यात आसगावाकडच्या एका धानवाल्या घरात पडले. धानवाले म्हणजे शेतीही धानाची आणि व्यापारही धानाचाच. माझ्या ट्रंकेत शालूच्या घडीखाली एक हातोडा, एक भिंग आणि खनिज घासून रेघेचा रंग, म्हणजे कस, पाहायची चिनीमातीची पांढरी चकती होती. सासूबाईंनी ट्रंक लावायला मदत केली. हातोडा हाती लागला तेव्हा तो उचलून त्यांनी वजनाचा अंदाज घेतला.

"हा कायले वो?"

"दगड फोडायला."

"आपल्या घरी दगड फोडाले गडी लावतो आपण," असं म्हणून त्यांनी तो मेलेला उंदीर ठेवावा तसा पुन्हा शालूखाली ठेवला.

भिंग मी मंगळसूत्राच्या शेजारी गळ्यात घालत असे. शेजारणींना तो नव्या पद्धतीचा दागिना वाटला, आणि मी त्यांचा गैरसमज दूर करण्याच्या भानगडीत पडले नाही. जेवायला बसल्यावर मी पाटा कशाचा, वरवंटा कशाचा, उंबऱ्याचा दगड किती कोटी वर्षांचा, हे न विचारता सांगे. माझे यजमान घास चावत ऐकत. त्यांनी मला कधी थांबवलं नाही. त्यांना दुकानात दिवसभर धानाबद्दल ऐकायची सवय होती. एक कान सताड उघडा ठेवायचा आणि दुसरा त्याहून सताड, हे त्यांना जमलं होतं.

माझं खरं ऐकणारी एकच, माझी नणंद. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, बारावी झालेली, आणि जिभेला माझ्या हातोड्यापेक्षा जास्त धार. मी दगड शोधायला निघाले की ती सोबत येई. नवीन सून एकटी हिंडते म्हणून गावानं बोलू नये, हे एक कारण. दुसरं कारण तिनंच सांगितलं होतं: "वैनी, तुह्यासंगं फिरलं की नाटक पाहाले जायची गरजच नाही पडत."

गावाच्या तळ्याच्या पाळीपलीकडे एक लांबट खडक जमिनीतून वर आलेला आहे. गुलाबी फेल्स्पारच्या मोठमोठ्या वड्या, मध्ये पांढरी गारगोटी, कुठं कुठं अभ्रकाची पानं. अशा ढोबळ दाण्यांच्या खडकाला पेग्माटाइट म्हणतात. जमिनीखालचा तप्त रस गोठत आला, की ज्या मूलद्रव्यांना इतर कोणत्याही खनिजानं घरात घेतलेलं नसतं ती उरलीसुरली मंडळी शेवटच्या रसात गोळा होतात आणि तिथं आपलं बिऱ्हाड मांडतात. म्हणून विचित्र खनिजं शोधायची तर पेग्माटाइटमध्ये शोधावीत. हे मला पाठ होतं. त्या खडकावर बाया धान कापायला जाता-येता बसत, शिदोरी सोडत. दिवाळीच्या आधी एका सकाळी मला त्यात काळ्या पट्ट्या दिसल्या. बोटाएवढ्या लांब, चपट्या, डांबराच्या गोळ्यासारख्या चमकणाऱ्या. प्रत्येक पट्टीभोवती फेल्स्पार तांबूस पडलेला, आणि पट्टीपासून चहूकडे बारीक भेगा गेलेल्या, लहान मूल सूर्य काढतं तशा.

"तुरमली," मी म्हणाले.

भिंग डोळ्याला लावलं होतं, पण ते नणंदेला दिसावं म्हणून. पाहिलं काहीच नाही. पाहिलं असतं तर दिसलं असतं, की तुरमलीच्या कांडीवर उभ्या रेघा असतात आणि आडवी तोडली तर ती फुगीर त्रिकोणासारखी दिसते. या पट्ट्यांना रेघा नव्हत्या आणि त्या चपट्या होत्या. भोवतीच्या त्या भेगा तर ही तुरमली नव्हे असं ओरडून सांगत होत्या. पण काळं, लांब, पेग्माटाइटमधलं म्हणजे तुरमली, असं मी वर्गात पहिल्या बाकावरून उत्तर देत आले होते आणि तेव्हा ते बरोबर ठरलं होतं.

"काहून पण?" नणंदेनं विचारलं. "काळं तर वांगं बी राहते."

मी तिच्याकडे दयेनं पाहिलं. मग एक तुकडा फोडून घेतला, आणि नमुना कुठला ते विसरू नये म्हणून खडकावर आकडा टाकायचं ठरवलं. आमच्या लग्नात भिंतीवर नावं लिहून उरलेला पांढरा ऑइलपेंट घरी होताच. तो मी अशा वेळेसाठी डबीतून सोबत आणला होता. हा माझ्या आयुष्यातला स्वतंत्रपणे गोळा केलेला पहिला नमुना. साधा हिशेब केला तर त्याला १ हा आकडा मिळायला हवा. पण १ लिहिलं की माणूस शिकाऊ वाटतो. म्हणून मी १४ लिहिलं. चांगलं वीतभर उंच, झोकदार, ४ च्या शेपटाला नखरेल वळण देऊन.

"आधीचे तेरा कोठं आहेत?" नणंद म्हणाली.

"तू नाही समजणार," मी म्हणाले.

दिवाळीनंतर गावची मंडई भरली. मंडई म्हणजे आमच्याकडे जत्रा, नाटक आणि पाहुणे यांचं एकत्र पीक. पोरापोरींची पाहणीही त्यातच उरकून घेतात. कोणी 'पाहायला आलो' म्हणत नाही, 'मंडईले आलो' म्हणतात. तसं तुमसरपलीकडून सिहोऱ्याचं एक कुटुंब आलं. त्यांचा मुलगा शेती पाहत होता आणि शाळेत शिकवतही होता. दुपारच्या जेवणात नणंदेनं त्याला तीन वेळा भात वाढला आणि त्यानं तिन्ही वेळा खाल्ला. त्यानं वेगळं काही सांगायची गरज उरली नाही. मुलाच्या आईला मुलगी आवडली, मुलीच्या आईला घर आवडलं, आणि धान निघालं की साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, करायचं ठरलं. त्या रात्रीपासून नणंद माझ्याशी दगडांबद्दल बोलेनाशी झाली. ती सिहोऱ्याला जायला एसटी कितीला सुटते, हे विचारू लागली.

आणि कापणी सुरू झाली. बाया खडकावर शिदोरी सोडायला बसल्या आणि एकीच्या डब्याखाली १४ निघालं.

आमच्या भागात पांढऱ्या आकड्याचा अर्थ कोणाला शिकवावा लागत नाही. आधी टेप आणि तिवईवरची दुर्बीण घेऊन माणसं येतात. मग दगडांवर पांढरे आकडे येतात. मग कागद येतात. मग गाव उठतं. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यासाठी वैनगंगेकाठची गावं एकामागून एक उठली, ती याच क्रमानं. आमचं गाव पाण्याच्या हद्दीबाहेर आहे असं सगळे म्हणत, पण ते 'म्हणत' होते, एवढंच. आता खडकानंच तोंड उघडलं होतं.

आकडा चौदा, म्हणजे तेरा आणखी कुठंतरी असणार. गाव शोधायला निघालं, आणि तुम्हाला खोटं वाटेल, तेरा सापडले. एक पाटाच्या पुलावर. एक पानठेल्याच्या फळीवर. तिथं चुना सांडून वर्षं झाली होती. एक देवळाच्या पायरीवर, एक विहिरीच्या काठाला, एक बगळ्यांच्या झाडाखाली. एका घरच्यांनी तर आपल्या म्हशीच्या कपाळावरच्या पांढऱ्या टिळ्याकडे बराच वेळ संशयानं पाहिलं. ती जन्मतःच तशी होती, हे तिच्या मालकाला शपथेवर सांगावं लागलं.

माणसं आमच्या ओसरीवर जमली तेव्हा मी काय केलं? मला वाटलं, भूगर्भशास्त्राला अखेर श्रोते मिळाले. मी पदर खोचून उभी राहिले आणि सांगितलं की आकडा मी लिहिला, त्या खडकात तुरमली नावाचं खनिज आहे, ते सिलिकेट आहे, आणि तुरमलीचे काही प्रकार रत्न म्हणून वापरतात. यातलं पहिलं वाक्य कोणी ऐकलंच नाही. शेवटचं सगळ्यांनी ऐकलं.

"रत्न निघाले म्हणजे तं खाणच होईन," एक म्हातारे म्हणाले.

"पण आकडा मीच लिहिलाय," मी पुन्हा म्हणाले.

"सून कायले लिहीन दगडावर आकडे?" त्यांनी माझ्याकडे न बघता माझ्या यजमानांना विचारलं. "तुमची सून सरकारातली आहे काय गा? आधी सांगाले पाहिजे होतं."

दुसऱ्या दिवसापासून गावात रोपं लागू लागली. जमीन गेली तर झाडांचा मोबदला वेगळा मिळतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ज्यांनी आयुष्यात तुळशीला पाणी घातलं नाही, त्यांनी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, हातहातभर अंतरानं आंबे लावले. शेजारच्यांनी गोठ्याला आणखी एक गोठा काढला. त्यात गाय नव्हती, पण दार होतं. जे गाव उठू नये म्हणून काल रडत होतं, तेच आज उठलंच तर कमी पडू नये म्हणून खड्डे खणत होतं. मी हसू शकले असते. पण तोवर सिहोऱ्याहून निरोप आला होता.

निरोप यजमानांच्या ओळखीच्या एका धानवाल्यानं आणला. मुलाच्या आईचे शब्द त्यानं जसेच्या तसे सांगितले: "गाव कोठं जाते ते आधी पाहू. मंग साक्षगंधाचं बोलू."

नणंद त्या वेळी गंजातला, म्हणजे मोठ्या पातेल्यातला, भात पसवत होती. गंज परातीवर तिरपा करून, मागून एका दगडाचा टेकू लावून पेज गळू देत होती. तिनं निरोप ऐकला, टेकूचा दगड काढला, गंज सरळ केला आणि निम्मी पेज भातातच राहिली. त्या दिवशी सगळ्यांनी चिकट भात खाल्ला. रात्रभर ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. सकाळी मी तिच्या बाजूला बसले. मला वाटलं होतं, ती टोमणा मारेल. टोमण्याची मी तयारीही केली होती.

"वैनी, माहे तीन वेळा भात वाढलेले हात आहेत," ती म्हणाली. "आता दुसऱ्या कोणाले वाढाले सांगाल तं मी वाढीन. पण तीन वेळा नाही वाढणार."

तेव्हा मी उठले. मी सासूबाईंकडे गेले आणि म्हणाले, सिहोऱ्याला मी जाते.

"जाऊन काय करशील? आणखी आकडे लिहिशील?"

"खरं सांगते."

सासूबाईंनी लुगडं बदललं आणि चपला घातल्या. "मी बी येतो. तू खरं सांगशील तेव्हा कोणी पाहाले पाहिजे."

पवनीहून भंडारा, भंडाऱ्याहून तुमसर, तिथून सिहोरा. माझ्या पिशवीत तो काळा तुकडा, भिंग आणि हातोडा. कसाची चकती घरीच विसरले. सासूबाईंच्या पिशवीत चिवडा होता. तो त्यांनी मला दिला नाही.

मुलाच्या आईनं आम्हाला स्वयंपाकघरातच बसवलं. चूल पेटलेली होती. पाणी दिलं, चहा ठेवला. रागात नव्हती. कपाळावर मोठं कुंकू, आवाज हळू.

"ईनबाई, माह्यं माहेर नदीकाठचं," तिनं माझ्या सासूबाईंना सांगितलं. "ते गाव उठलं. भाऊ आता नव्या वस्तीत राहातेत. घर पक्कं आहे, नळ आहे. पण मी पोळ्याले गेली तं कोणाच्या दारात कोण राहाते तेच मले समजत नाही. सण झाला की मी कोठून कोठं परत आली, तेच उमजत नाही. मी पोरगी आणीन, आणि तिचं बी तसंच होईन. तिनं सणाले रडत माह्याकडे पाहिलं तं मी काय सांगू?"

मी इतके दिवस समजत होते की त्यांना आमच्या जमिनीची काळजी आहे. ते ऐकून मला बसायला जागा पुरेना. मी पुढं सरकले आणि म्हणाले, गाव उठणार नाही, खाण होणार नाही, आकडा माझा आहे, त्या खडकाचा तुकडाही आणलाय. तिनं हात पुढं केला.

"दाखव बरं तो दगड."

मी दिला. तिनं तो तळहातावर खालीवर केला. "हा आहे काय? याच्यासाठी खाण होत नाही म्हणतेस. मग तू कोणत्या भरवशावर म्हणतेस? पाहून सांगितलं काय त्याले?"

मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं की मी पाहिलेलं नाही. सासूबाई माझ्याकडे पाहत होत्या. त्या खरंच साक्षीला आल्या होत्या.

म्हणून त्या स्वयंपाकघरात, चहाचं पाणी उकळेपर्यंत, मी पहिल्यांदा खरंच पाहिलं. विळ्यानं ओरखडा ओढला; तुरमलीवर विळा चालायला नको, इथं कडेला पुसटसा उठला. कप पालथा केला आणि बुडाच्या खरखरीत कडेवर दगड घासला. तुरमलीचा कस पांढरा यायला हवा होता. रेघ आली ती राखाडी-तपकिरी. हातोड्यानं कोपरा उडवला तर शिंपल्यासारखा गुळगुळीत खळगा पडला; आतून काच वाटावी असा. मुलाच्या आईचा कप माझ्या हातात होता, तिनं तो मागितलाही नाही.

"फुंकणी आहे?" मी विचारलं.

प्रयोगशाळेत आम्ही फुंकनळीनं ज्योत खनिजावर सोडत असू. चुलीची फुंकणी म्हणजे तिची थोरली बहीण. मी दगडाचा एक कण निखाऱ्यावर ठेवला आणि गाल फुगवून फुंकत राहिले. राख माझ्या केसांत, चुलीवरच्या चहात. कण लाल झाला, मग फुगला. पापडासारखा नाही, करपलेल्या दुधाच्या सायीसारखा, बुडबुडे येऊन. काळी तुरमली अशी सहजी फुगत नाही.

मग सगळं जागेवर पडलं. डांबरासारखी चमक. तो शिंपल्यासारखा खळगा, म्हणजे शंखाभ भंजन. भोवतीच्या भेगा. हे अ‍ॅलनाइट होतं.

सिलिकेटांचं वर्गीकरण करताना एकच प्रश्न विचारतात: सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या चौकड्या एकमेकांचा हात कसा धरतात. कोणी एकेकट्या राहतात, कोणी जोडीनं, कोणी कडं करून फेर धरतात, कोणी साखळीनं, कोणी चटईसारख्या पसरून, कोणी चहूबाजूंनी जाळं विणून. तुरमली फेर धरणाऱ्यांतली. अ‍ॅलनाइट जोडीवाल्यांतलं, एपिडोटच्या कुळातलं. त्यात जोड्याही असतात आणि मधूनमधून एकटी चौकडीही, लग्नघरात असतं तसंच. एपिडोटमध्ये जिथं कॅल्शियम बसतं त्यातल्या काही जागांवर इथं सेरियम, लँथॅनम, निओडिमियम अशी मंडळी येऊन बसतात. त्यांनाच विरल मृत्तिका म्हणतात. ज्याचं प्रमाण जास्त त्याचं नाव खनिजाच्या नावापुढं लागतं. बहुतेक वेळा तो सेरियम असतो. सोबत थोडं थोरियमही घुसतं. ते संथपणे किरणं सोडत राहतं, आणि कोट्यवधी वर्षांत खनिजाच्या आतली सगळी घडी मोडून टाकतं. बाहेरून स्फटिकाचा आकार शाबूत, आत नुसती काच. वर ते फुगतं आणि शेजारच्यांना भेगा पाडतं. याला मेटामिक्ट अवस्था म्हणतात. हे सगळं मी परीक्षेत लिहिलं होतं, आणि आकृतीसुद्धा काढली होती. त्या क्षणी मात्र मला वाटलं की पुस्तकवाल्यानं माझंच वर्णन चोरून लिहून ठेवलंय.

आणि तरीही माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं. विरल मृत्तिका. नागपूरच्या माझ्या सरांना दाखवलं तर ते उठून उभे राहिले असते. 'विरल' हा शब्द माझ्या जिभेच्या टोकावर येऊन बसला होता, आणि बाहेर पडू का म्हणून विचारत होता. तो पडला असता तर माझ्या नणंदेनं दुसऱ्या कोणाला तरी दोनच वेळा भात वाढला असता.

"मंग? काय निघालं?" मुलाच्या आईनं विचारलं.

"आधी मी चुकीचं सांगितलं होतं. हे रत्न नाही. यात काही कमी सापडणारे धातू आहेत, पण चिमूटभर. असे खडक जगात जागोजागी आहेत. याच्यासाठी कोणी कोणाचं घर हलवत नाही."

"मंग याचा उपयोग काय?"

"काही नाही," मी म्हणाले. एम.एस्सी.नंतर उच्चारायला मला एवढं जड गेलेलं दुसरं वाक्य नाही.

तिनं मान डोलावली, पण पटलं नव्हतं. "आणि बाकीचे तेरा?"

"काय?"

"चौदा नंबर आहे म्हणतेत. तेरा कोठं आहेत? सरकार चौदापासून सुरुवात करत नाही, बाई."

मी चुलीकडे पाहिलं. सासूबाईंनी कप खाली ठेवला.

"तेरा नाहीत," मी म्हणाले. "तो पहिलाच होता. एक लिहिलं तर मी नवशिकी वाटेन, म्हणून चौदा लिहिलं."

मुलाच्या आईनं माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या केसांतली राख पाहिली. मग सासूबाईंकडे वळून विचारलं, "खरंच?" सासूबाई म्हणाल्या, "घरी एक बरणी लोणचं घातलं तं तिच्यावर बी सहा लिहिलं होतं हिनं." ते खरं होतं, मी विसरले होते.

मुलाची आई हसायला लागली. आधी पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून. डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसून पुन्हा हसली. जो दगड मी भिंगानं, विळ्यानं, कपानं आणि फुंकणीनं तपासला, त्यानं तिला काही पटलं नव्हतं. जे सांगायला मी तडफडत होते ते तिनं कानाआड केलं, आणि जे सांगायची मला लाज वाटत होती, त्याच्यावर विश्वास ठेवला. इतका फुकाचा तोरा कोणतंही सरकार मिरवत नाही, हे तिला कळलं.

"ईनबाई," ती म्हणाली, "धान निघालं की येतो आम्ही. या पोरीले मात्र पेंटाचा डबा देत जाऊ नका."

घरी आल्यावर पुढचे दोन दिवस मी रॉकेल आणि काथ्यानं तो आकडा घासला. बाया शिदोरी खात बघत होत्या. गावाला गाव वाचल्याचा आनंद झाला असेल, पण आंबे लावणाऱ्यांनी माझ्याशी महिनाभर बोलणं टाकलं. त्या आंब्यांतले पुष्कळ जगले. धुऱ्यावर इतके दाट की एकमेकांना ढकलत वाढले, आणि आता त्यांच्या कैऱ्या सगळ्या आळीला पुरतात. शेजारच्या रिकाम्या गोठ्यात पुढं खरोखरच गाय आली. माझ्या चुकीमुळे गावात एवढी झाडं लागली. कोणी त्याचं श्रेय मला देत नाही, आणि मागायची माझी हिंमतही नाही.

त्याच हिवाळ्यात नागपूरच्या सरांकडे तुकडा पाठवला. त्यांनी पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, उत्तर आलं: सेरियमप्रधान अ‍ॅलनाइट, बराचसा मेटामिक्ट. म्हणजे फुंकणी बरोबर होती. तो तुकडा आजही माझ्याकडे आहे, स्वयंपाकघरात नव्हे, मागच्या खोलीत डब्यात, कारण किरणं थोडी असली तरी ती असतात. परवा टीव्हीवर कोणीतरी रेअर अर्थ म्हणून गळा काढत होतं, जगातले देश त्यावरून भांडताहेत म्हणे. नात धावत आली, आजी, तुझ्याकडे आहे ना तो दगड, आपण श्रीमंत झालो का? मी म्हटलं, शांत बस आणि दिवा लाव. मला आता शहाणपण आलं आहे असं नव्हे. उठायला गुडघे दुखतात, एवढंच.

साक्षगंध झालं, आणि उन्हाळ्यात लग्नही. पाठवणीच्या वेळी सगळं घर रडत होतं. सासूबाई रडत होत्या, यजमान गाडीच्या टपाकडे बघत उभे होते. मी तर सगळ्यांहून जास्त रडत होते. माझ्यापायी हिचं सगळं जाता जाता राहिलं, हे मला एकटीलाच आठवत होतं असं मला वाटत होतं. नणंद सगळ्यांच्या पाया पडत पडत माझ्यापर्यंत आली. वाकली नाही. पाठ माझ्याकडे केली, पदर थोडा बाजूला घेतला आणि मान वळवून म्हणाली, "वैनी, पाहून घे बरं एकदा, माह्या पाठीवर चौदा नंबर तं नाही टाकला ना तू?"